तुटावी म्हणून केलेली पट्टी

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, मी त्यात एक मिलिंग मशीन आणि स्वतःचा शहाणपणा घातला. फौंड्रीतून ओतीव लोखंडाचं कास्टिंग आमच्याकडे यायचं, आम्ही त्याला भोकं पाडून, मापात आणून पुढे पाठवायचो. या धंद्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट फार झोंबते, ती म्हणजे आपला माल तुटून परत येणं. गिऱ्हाईक तुटलेला तुकडा टेबलावर ठेवतं आणि नुसतं तोंडाकडे बघत बसतं. असं झालं की वडील त्या दिवशी डबा उघडत नसत. हे आधीच सांगून टाकतोय, कारण पुढे मी जे केलं त्यामागे वाईट हेतू नव्हता, एवढं तरी वाचणाऱ्याला कळावं. त्यानं माझा दोष कमी होत नाही, हेही मला माहीत आहे.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असावं. शहराबाहेरच्या एका माळावर आम्ही सातआठ हौशी लोक दर रविवारी ग्लायडर उडवायचो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आमच्याकडे दोन माणसं पुढेमागे बसतील असं एक जुनं होतं. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला ट्रकचं इंजिन बसवलेली विंच होती, तिच्या ड्रमवर लांबलचक तारेचा दोर. दोराचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायचं, विंचवाल्यानं दोर जोरात ओढायचा, की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. उंची मिळाली की आतली पिवळी मूठ ओढायची, हूक उघडायचा, दोर खाली पडायचा. मग वर फक्त वारा. लोकांना वाटायचं आम्हाला खूळ लागलंय, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं.

शिकवायला सर होते. वायुदलातून निवृत्त होऊन पेठ वडगावला स्वतःच्या घरी राहायला आलेले. बोलणं मोजून मापून, पण चिडले की वडगावची बोली बाहेर यायची. पहिल्या रविवारी मी नारळ घेऊन गेलो आणि ग्लायडरच्या नाकासमोर फोडला. सरांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "झाली पूजा? आता पंख जोडायच्या पिना बघितल्यास का?" मी बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी मला उडायला मिळालं नाही. दिवसभर दोर ओढून आणायचं काम केलं.

उडण्याआधी सर सगळ्यांना करंजाच्या झाडाखाली बसवायचे. प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या. आज काय बिघडू शकेल, ही एक. आणि मागच्या रविवारपासून माझ्या हातून काय चुकलं किंवा मी काय बदललं, ही दुसरी. सांगणाऱ्याला कुणी हसायचं नाही, रागवायचं नाही. सुरुवातीला हे आमच्या पचनीच पडत नव्हतं. कामाला निघताना चांगलं बोलावं, अशी आमच्याकडची रीत. विंच चालवणारा आमचा माणूस मूळचा ट्रक ड्रायव्हर. तो तर वैतागायचा.

"आवो सर, सकाळी सकाळी असलं वंगाळ कशाला बोलाय लावताय? दोर तुटंल, पंख मोडंल... त्यापरास देवाचं नाव घ्या की."

सर म्हणाले, "देवाचं नाव घे. ते घेतल्यावर दोर तुटला तर काय करशील, तेही सांग. अपघात काही तू बोलावलास म्हणून येत नाही."

हळूहळू सवय झाली. कुणी सांगायचं, मी मागच्या वेळी उतरताना घाबरलो होतो पण कबूल केलं नाही. विंचवाल्यानं एकदा सांगितलं की त्याला डाव्या डोळ्यानं जरा धूसर दिसतंय, आणि सरांनी त्याला चष्म्याचा नंबर काढून येईपर्यंत विंचवर बसू दिलं नाही. एकदा मी घरून भांडून आलो होतो. बायकोशी काय वाद झाला ते सांगायचं काही कारण नव्हतं, पण "आज डोकं ठिकाणावर नाही" एवढं बोललो. सर म्हणाले, "छान. मग आज तू खालीच." मला राग आला, आणि घरी परतताना बरंही वाटलं. असं खरं बोलता येईल अशी दुसरी जागा तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हती. शॉपमध्ये तर चूक कुणाची, यावर दिवस दिवस तंटा चालायचा.

ग्लायडर तपासायचं काम सर कुणाला देत नसत. आम्ही तपासायचो, पण आमच्यानंतर ते पुन्हा स्वतः बघायचे. मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरू करायचे. हूक बघताना ते उताणे झोपून ग्लायडरखाली सरकायचे आणि बोटानं त्याची कडा चाचपायचे. डोळ्याला जी चीर दिसत नाही ती बोटाला लागते, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या पट्टीबद्दल सांगतो. दोर आणि हूक यांच्यामध्ये लोखंडाची एक छोटी पट्टी असते. आम्ही तिला कच्ची पट्टी म्हणायचो. ती मुद्दाम कमजोर केलेली असते. वाऱ्याचा झोत आला, विंचनं फार जोर लावला, तर ग्लायडरवर ताण येण्याआधी ती तुटावी, एवढंच तिचं काम. परदेशातून आलेल्या पट्ट्या संपल्या, तेव्हा सरांनी मला नमुना दिला. मी साध्या लोखंडाच्या बनवल्या, शॉपमधल्या चेनपुलीला वजनं टांगून किती वजनाला तुटतात ते पाहिलं, आणि लाल रंग देऊन दिल्या. सरांनी पाठीवर थाप मारली. माझी मान ताठ झाली.

मग एका रविवारी माझ्या पट्ट्या तीनदा तुटल्या. वारा उलटसुलट होता आणि विंचवाल्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जड होता. म्हणजे पट्ट्यांनी आपलं काम चोख केलं होतं. सर तेच म्हणाले. पण आजूबाजूच्या वस्तीतली माणसं दर रविवारी बघायला जमायची, आणि त्यांना एवढंच दिसत होतं की हे वर जायला निघतं आणि काहीतरी मोडतं. विंचवाला तिसऱ्यांदा तुकडा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय वो शेठ, शिरोलीचा माल का हा? ह्यापरास आमच्या म्हातारीच्या बांगड्या टिकत्यात की!"

सगळे हसले, सरही हसले. मीही हसलो. पण घरी जेवण गेलं नाही. पट्टीनं तुटायचं असतं हे डोक्याला पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं. माझ्या शॉपमधून गेलेली वस्तू तीनदा तुटून माझ्यासमोर आली होती, आणि चार माणसं हसली होती.

त्या आठवड्यात मी चांगल्या पोलादाच्या चार पट्ट्या केल्या. माप तेच, भोक तेच. भट्टीत तापवून कडक करायच्या, म्हणजे हार्डनिंग, तेही करून आणलं. लाल रंग दिला. या वेळी चेनपुलीला लावून बघितल्या नाहीत, कारण त्या तुटणार नाहीत हे मला ठाऊकच होतं. माझा बेत असा होता की रविवारी दिवसभर एकही तुटू द्यायची नाही, आणि संध्याकाळी चहा पिताना सगळ्यांना सांगायचं, बघा, हा शिरोलीचा माल. मला खरोखर वाटत होतं की मी क्लबला काहीतरी देतोय.

रविवारी सकाळी दोराला त्यातलीच एक मी लावली. करंजाखाली माझी पाळी आली. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय चुकलं, काय बदललं?" मी म्हणालो, "दोर ओढायच्या जीपच्या मागच्या चाकात हवा कमी भरलीय." सरांनी मान डोलावली आणि पुढच्याकडे वळले. एक वाक्य होतं. ते तोंडात होतं, आणि संध्याकाळसाठी मी ते गिळलं.

पहिली दोन उड्डाणं व्यवस्थित झाली. तिसऱ्याला मी पुढच्या सीटवर होतो आणि सर मागे. त्याआधी ते पुन्हा खाली सरकून हूक बघून आले होते, मी शेजारीच उभा होतो. ग्लायडर उचललं आणि आम्ही चढायला लागलो. दोनशे फुटांच्या आसपास असताना पन्हाळ्याच्या बाजूनं वाऱ्याचा जोरदार झोत आला. त्याच क्षणी विंचनंही ओढ घेतली. नाक एकदम वर गेलं, सीटखाली कडाड असा आवाज झाला. इथे पट्टी तुटायला हवी होती. ती तुटली नाही. सगळा ताण हुकावर आला आणि हूक वाकून जाम झाला.

"माझ्याकडे दे," सर मागून म्हणाले. आवाज नेहमीचाच. मी हात काढले. त्यांनी पिवळी मूठ ओढली, पुन्हा ओढली. दोर सुटेना. विंचवाल्याला लांबून कळलं काहीतरी गडबड आहे, त्यानं आपल्या बाजूनं दोर कापला. त्यानं आम्ही वाचलो म्हणायचं. पण कापलेला दोर आमच्याखाली लोंबतच होता. सरांनी ग्लायडर वळवून जवळजवळ माळावर आणलं होतं. कडेच्या तारेच्या कुंपणात तो लोंबता दोर अडकला आणि आम्ही दोन मजल्यांच्या उंचीवरून सरळ खाली आपटलो.

माझं खांद्याचं हाड मोडलं. सरांचा कणा मोडला. कमरेखालचं त्यांचं शरीर त्यानंतर कधी हललं नाही.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. दवाखान्यात माझ्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसले. पट्टी कुठली होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आमच्याच शॉपमधली. नेहमीच्याच मापाची." यातला शब्द न् शब्द खरा होता. अजूनही कधी मोजून मापून खरं बोलणारा माणूस भेटला की मला त्याची भीती वाटते.

त्यांनी सरळ हिशेब केला. पट्टी शाबूत आहे, म्हणजे ताण मर्यादेपेक्षा जास्त आलाच नाही. जास्त ताण नसताना हूक वाकला, म्हणजे हुकातच आधीपासून चीर असणार. आणि चीर होती तर सकाळी तपासणाऱ्याच्या लक्षात यायला हवी होती. तपासणारे सर. अहवाल घेऊन ते सरांकडे गेले. सरांनी पडल्या पडल्या वाचला आणि सही केली. "माझ्या नजरेतून सुटलं," म्हणाले. हे मला विंचवाल्यानं येऊन सांगितलं. तेव्हा उठून जावं, सांगून टाकावं असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. मग सर घरी गेले, क्लब बंद पडला, ग्लायडर कुणीतरी घेऊन गेलं, आणि वाटत राहणं हीच माझी सवय झाली.

पुढची नऊ वर्षं मी दर रविवारी पेठ वडगावला गेलो. सरांसाठी शॉपमध्ये चाकाची खुर्ची केली. पलंगाला धरायला दांडे केले, न्हाणीघरात बसायची बैठक केली. सगळं दणकट, कधीच मोडणार नाही असं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं ह्यानं केलं बगा." असं कानावर पडलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं. मी मान खाली घालून खुर्चीच्या चाकाला तेल घालत बसायचो. लोक त्याला विनय समजायचे. मी भित्रा होतो. दर कौतुकाबरोबर सांगणं आणखी अवघड होत गेलं, हे खरं आहे, पण ती सबब आहे, आणि मला सबबींचा कंटाळा आलाय.

मध्ये एकदा पुण्याच्या ग्लायडर क्लबकडून सरांना पत्र आलं होतं. नव्या मुलांना जमिनीवरचे वर्ग घ्याल का, उड्डाणाआधी काय बघायचं, कसा विचार करायचा, एवढंच शिकवायचं, येण्याजाण्याची सोय आम्ही करू. सरांनी नकार कळवला. पायांमुळे नको म्हणाले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते सोयीचं होतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी खुर्चीचे नवे बेअरिंग बसवले आणि सवयीनं म्हणालो, "सर, एकदा बघून घ्या." नट त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. सरांनी हात मांडीवरच ठेवला.

"तूच बघ," ते म्हणाले. "माझ्या बघण्यावर भरवसा ठेवू नकोस."

किती साधेपणानं म्हणाले. मला रागवत नव्हते, स्वतःची कीवही करत नव्हते. आज भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आम्हा सगळ्यांना बघायला शिकवलेला माणूस हा. माझ्या हातातला पाना खाली पडला आणि मी बोलायला लागलो. तीन वेळा तुटलेल्या पट्ट्या, लोकांचं हसणं, पोलाद, हार्डनिंग, लाल रंग, जीपच्या चाकातली हवा, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी हूक बघत होतो तेव्हा तू शेजारी होतास ना?"

"व्हय सर."

"घाई केलती का मी?"

"न्हाय."

"मध्ये कुणी हाक मारलेली?"

"न्हाय सर. कुणीच न्हाय."

"बोटानं चाचपला होता? पूर्ण कडा?"

"चाचपला होता. दोनदा."

"म्हणजे हूक चांगला होता," सर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "हूक चांगला होता. मी नीट बघितलं होतं." आणि ते रडायला लागले. वायुदलातला माणूस, कणा मोडल्यावर माळावर पडून आम्हाला सूचना देणारा, तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा रडला. मी समोर बसून होतो. त्यांचे पाय मी घेतले, हे मला माहीत होतं. त्यांचे डोळेही मी घेतले, हे त्या दुपारी कळलं. पायांचं काही करता आलं नसतं. दुसरं मात्र दवाखान्यातल्या पहिल्या आठवड्यात एका वाक्यात परत देता आलं असतं.

डोळे पुसून त्यांनी मला कागद आणायला सांगितला. पत्र तिथल्या तिथं सांगून लिहून घेतलं. आपण मागे वर्गांबद्दल विचारलं होतं, आता मी शिकवायला तयार आहे. वडगावच्या एसटी स्टँडजवळच्या पेटीत मी ते टाकलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. बराच काळ लोटल्यामुळे त्या जागी दुसरी व्यवस्था झाली आहे, आपल्या इच्छेबद्दल आभार. सरांनी वाचलं, घडी घातली. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाले, आणि काकूंना माझ्यासाठी म्हशीच्या दुधाचा चहा करायला सांगितलं. त्यांनी मला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. मी जात राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ते गेले. दहाव्याला सगळे पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. जमखान्यावर बसायला सांगितलं. त्या दुपारी मी काय कबूल केलं ते सरांनी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर त्यांनी मला वाढलं होतं, चहा दिला होता, आणि एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"झोपेत त्यांचा हात चालायचा," काकू म्हणाल्या. "चादरीची कडा धरून बोटानं चाचपत राहायचे, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर. नऊ वर्सं. मला वाटायचं दुखतंय कुटंतरी. शेवटचं वरीसभर मातूर हात एकदम थांबला. शांत झोपले बग."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"पट्टी बदलली, एवढंच सांगायचं होतंस की रं तू," त्या म्हणाल्या. "तेवढं सांगायला तुला नऊ वर्सं लागली व्हय?"